अरल समुद्र : आटवलेल्या पाण्याचा हिशेब



'दर्या' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. कोकणात आणि गोव्यात तो अजून रोजच्या बोलण्यात आहे, आणि तिथे त्याचा अर्थ समुद्र. दर्यावर्दी, दर्यासारंग ही त्याच घरातली माणसे. मध्य आशियात मात्र दर्या म्हणजे नदी. तिथल्या दोन मोठ्या नद्यांची नावे आमू दर्या आणि सीर दर्या. पहिली पामीरच्या बर्फातून निघते, दुसरी तिएन शान पर्वतातून. शेकडो कोस वाळवंट तुडवून या दोघी अरल समुद्राला मिळत. 'मिळत' हा भूतकाळ मी जाणूनबुजून वापरतो आहे.

आमू दर्या आपल्याला अगदीच परकी नाही. ग्रीकांची ऑक्सस, अरबांची जैहून आणि संस्कृत ग्रंथांतली वंक्षु किंवा वक्षु ती हीच. रघुवंशात दिग्विजयाला निघालेल्या रघूचे घोडे ज्या नदीकाठी विसावले ती सिंधू की वंक्षु, याबद्दल पाठभेद आहेत. बाबर ज्या फरगाण्यातून आला ते सीर दर्याचे खोरे.

हल्ली पृथ्वीच्या तापमानाबद्दल, वितळणाऱ्या हिमनद्यांबद्दल आपण रोज वाचतो. माणसाच्या करणीने असा एखादा टप्पा येईल का, की त्यानंतर मागे फिरताच येणार नाही, असे शास्त्रज्ञ विचारत असतात. भविष्य सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नाही. पण असा टप्पा या पृथ्वीवर एका ठिकाणी येऊन गेला आहे. त्याच्या तारखा आहेत, हुकूम आहेत, नकाशे आहेत. तो कसा आला, एवढे सांगणे माझ्या आवाक्यातले आहे, म्हणून आजचा विषय अरलचा.

१९६० साली अरलचे क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होते. गोव्यासारखी अठरा राज्ये त्यात मावली असती. कॅस्पियन, सुपीरियर आणि व्हिक्टोरिया या तिघांनंतर जगातल्या बंदिस्त जलाशयांत त्याचा नंबर चौथा. पाणी मचूळ होते, लिटरला सुमारे १० ग्रॅम मीठ, म्हणजे महासागराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. मासेमारी वर्षाला चाळीस हजार टनांच्या पुढे जाई. उत्तरेला अराल्स्क आणि दक्षिणेला मोयनाक ही दोन बंदरे. त्यांच्यामध्ये बोटी चालत, कापूस वाहत आणि माणसे वाहत. नद्यांच्या मुखाशी वेताची आणि झुडपांची दाट राने होती, त्यांना तिथे तुगाई म्हणतात. त्या रानांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाघ होता. तो कॅस्पियन वाघ आज जगात कुठेच नाही.

या समुद्राचा पहिला चांगला नकाशा १८४८-४९ साली तयार झाला. बुताकोव्ह नावाच्या रशियन नौदल अधिकाऱ्याने 'कॉन्स्टँटिन' ही शिडाची बोट ओरेनबुर्गला बांधून घेतली, तिचे भाग सुटे करून गाड्यांवर लादले, गवताळ माळ पार केला आणि सीर दर्याच्या काठी ती पुन्हा जोडून पाण्यात सोडली. किनाऱ्यांची चित्रे काढायला त्याने सोबत एक शिक्षा झालेला सैनिक घेतला होता. तो युक्रेनचा महाकवी तारास शेव्चेन्को. लिहिण्याची आणि चित्रे काढण्याची त्याला खुद्द झारने बंदी केली होती. बुताकोव्हने ती सरळ बाजूला ठेवली. ज्या किनाऱ्यांची शेव्चेन्कोने जलरंगांत चित्रे काढली त्यांतल्या बहुतेकांपुढे आज पाणी नाही. पुढच्या सगळ्या मोजमापांना पाया मिळाला तो या सफरीचा, म्हणून तिचा इथे उल्लेख.

आता कापसाकडे वळू, कारण अरलची गोष्ट मुळात कापसाची गोष्ट आहे आणि तिची सुरुवात आपल्याही घराजवळ होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस बंदरांत अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग मँचेस्टरच्या नजरा वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातकडे लागल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअरबाजाराचे वेड लागले आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळे कोसळले, ही कथा आपल्या परिचयाची आहे. कोसळल्यानंतरही जे मागे उरले ते महत्त्वाचे. वऱ्हाडात कापूस-आयुक्त नेमले गेले, रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, १८७० साली केवळ कापसासाठी खामगावला फाटा नेला गेला. ज्वारीच्या रानात कापूस शिरला तो कायमचा. माळव्याच्या काळ्या जमिनीवरही तेच झाले, आणि इंदूरला तुकोजीराव होळकरांनी संस्थानची स्वतःची कापड गिरणी त्याच दशकात उभारायला घेतली. गिरण्यांचे भोंगे ऐकत ज्यांचे बालपण गेले अशी इंदूरकर मंडळी या व्याख्यानमालेच्या वाचकांत नक्की असतील.

नेमकी तीच टंचाई रशियाच्या गिरण्यांनाही भोवली. मॉस्को आणि इव्हानोव्होच्या चरख्यांनाही अमेरिकेचाच कापूस लागे. रशियाने ताश्कंद घेतले ते १८६५ साली, बुखारा अंकित केले १८६८ साली, खीवा १८७३ साली. ही स्वारी केवळ कापसासाठी झाली असे मी म्हणणार नाही. इंग्रजांशी चढाओढ आणि सेनापतींची हौस हीही कारणे होती. पण घेतल्यानंतर त्या मुलखाचे करायचे काय, याचे उत्तर कापसाने दिले. १८८०च्या दशकात अमेरिकन जातीचे बियाणे आले, रेल्वे १८८८ साली समरकंदला आली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत रशियाचा सुमारे निम्मा कापूस तुर्कस्तान पुरवू लागला. वऱ्हाड आणि फरगाणा एकाच धक्क्याने एकाच पिकाकडे ढकलले गेले. फरक एवढाच, की वऱ्हाडातला कापूस पावसावर येतो आणि फरगाण्यातला पाटाच्या पाण्यावर.

पाटाचे पाणी तिथे नवे नव्हते. त्या खोऱ्यांत हजारो वर्षे सिंचन होते. गावोगावी पाणी वाटून देणारा अधिकारी असे, त्याला मिराब म्हणत. पांझरेकाठच्या फडपद्धतीतला आपला पाटकरी आठवावा. दर वर्षी गावकरी मिळून पाटांतला गाळ उपसत. पाट वाकडेतिकडे आणि लहान होते, आणि पिकाला देऊन उरलेले पाणी झिरपत झिरपत पुन्हा नदीला मिळे.

रशियन पंडितांना ही व्यवस्था मागासलेली वाटली. अलेक्सांदर व्होयेयकोव्ह हा त्या काळचा मोठा हवामानशास्त्रज्ञ. त्याचे मत असे, की अरल समुद्र एवढा विस्तीर्ण राहणे हेच आपल्या मागासलेपणाचे लक्षण आहे. दोन नद्या एवढे पाणी आणि एवढा सुपीक गाळ आणतात आणि आपण ते नुसते उन्हात वाफ होऊ देतो. हा माणूस मूर्ख नव्हता. माणसाच्या हातून हवामान बदलते, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्याची गणना होते. पण 'समुद्रात वाया जाणारे पाणी' ही कल्पना त्याच्या काळात सर्वमान्य होती, आणि ती आपल्याकडे आजही सर्वमान्य आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही सभेत कोकणातले पाणी समुद्रात वाया जाते असे म्हटले की टाळ्या पडतात. म्हादईच्या वादात मलप्रभेच्या बाजूने हेच बोलले जाते आणि गोव्याच्या बाजूने नेमके याचेच खंडन होते. त्या वादात कोणाचे बरोबर हे ठरवायला मी उभा नाही. माझ्यासमोर दोन्हीकडचे लोक आहेत. एवढेच सांगतो, की 'वाया' हा शब्द हिशेबात शिरला की समुद्राच्या खात्यावर काही जमाच होत नाही.

क्रांतीनंतर हुकूम देणारे बदलले, हिशेब तोच राहिला. मे १९१८ मध्ये, चहूकडे यादवी माजलेली असताना, लेनिनने तुर्कस्तानच्या सिंचनासाठी पाच कोटी रूबल मंजूर केले. १९२१ साली व्होल्गाकाठी दुष्काळ पडला तेव्हा त्यानेच अरलच्या कोळ्यांना मदतीसाठी पत्र लिहिले, आणि त्यांनी चौदा वाघिणी भरून मासे पाठवले. अराल्स्कच्या रेल्वे स्थानकात त्याचे भिंतीवरचे चित्र आहे. म्हणजे या समुद्राने एकदा उपाशी लोकांना जगवले, हे सरकारदप्तरी नोंदलेले होते.

१९३९ साली फरगाण्याचा मोठा कालवा झाला. दीड लाखाहून अधिक शेतकऱ्यांनी फावड्या-कुदळींनी दीड महिन्यात सुमारे २७० किलोमीटर खोदले. आयझेनस्टाइन त्यावर चित्रपट काढणार होता. तो अर्ध्यावर राहिला. मग १९५४ साली काराकुम कालव्याला सुरुवात झाली. तो आमू दर्यातून निघून पश्चिमेला वाळवंटात जातो आणि आज त्याची लांबी १३०० किलोमीटरच्या पुढे आहे. तळाला आणि कडांना अस्तर नाही, सगळा वाळूत कोरलेला. त्यात घातलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा वाळूच पिते, आणि जे पिकाला मिळते तेही पुन्हा नदीकडे परतत नाही. जुन्या पाटांत आणि या कालव्यात हा मूळचा फरक आहे.

मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटते ती गोष्ट आता सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ वर्षांत ओलिताखालची जमीन वाढतच गेली, आणि तरीही १९११ ते १९६० या काळात अरलची पातळी एका मीटरहूनही कमी हलली. पन्नास वर्षे समुद्राने काही दाखवलेच नाही. याचे कारण पुढे कळले. नद्यांच्या काठची दलदल आणि वेतबने पूर्वी जेवढे पाणी पीत होती, त्यांची शेते झाल्यावर तेवढे पाणी वाचले. शिवाय शेतातून उरलेले पाणी नदीत परत येत होते. एका बाजूने घेतलेले दुसऱ्या बाजूने भरून निघत होते. भरून काढण्याच्या या सगळ्या वाटा १९६०च्या आसपास संपल्या. शेत आणखी वाढवायचे तर आता जिथून परत पाणी येत नाही अशा वाळवंटात आणि गवताळ माळावर जावे लागणार होते. त्यानंतर समुद्राची पातळी साठच्या दशकात वर्षाला सुमारे २० सेंटिमीटरने, सत्तरच्या दशकात ५० ते ६० सेंटिमीटरने आणि ऐंशीच्या दशकात ८० ते ९० सेंटिमीटरने उतरली. ऐंशीच्या दशकातल्या काही वर्षी आमू दर्याचे पाणी अरलपर्यंत पोचलेच नाही.

पन्नास वर्षांचा तो शांतपणा नियोजनकारांनी संमती समजून घेतला. पण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊकच नव्हते, असे मात्र नाही. समुद्र आटेल हे साठच्या दशकात मॉस्कोच्या कागदांवर होते. एक घनमीटर पाणी कापसाला दिले तर जे उत्पन्न येते, त्याच्यापुढे तेवढ्याच पाण्यातल्या माशांचे उत्पन्न किरकोळ आहे, असा हिशेब मांडला गेला होता. कोरड्या पडलेल्या तळावर मिठाचा कडक पापुद्रा धरेल, तो उडणार नाही, असेही कित्येकांना वाटत होते. ओलिताची जमीन १९६० साली सुमारे ४५ लाख हेक्टर होती, ती ऐंशीच्या दशकात ७० लाख हेक्टरच्या घरात गेली. सोव्हिएत संघाचा दोनतृतीयांशाच्या आसपास कापूस एकटा उझबेकिस्तान पुरवू लागला. 'पांढरे सोने' असे त्याला तिथे म्हणत. आपल्या विदर्भातही हाच शब्द आहे आणि तिथेही तो शेतकऱ्यापेक्षा इतरांच्याच तोंडी जास्त असतो.

उद्दिष्ट दर वर्षी वाढे. शरद ऋतूत शाळा आणि महाविद्यालये बंद करून मुलांना कापूस वेचायला नेत. वरिष्ठांना हवा तेवढा कापूस शेतात पिकेना, तेव्हा तो कागदावर पिकू लागला. १९८३ साली उझबेकिस्तानचा पक्षप्रमुख रशीदोव्ह वारला आणि नंतर चौकशीत उघड झाले, की कित्येक वर्षे लाखो टन न पिकलेल्या कापसाचे पैसे मॉस्कोने मोजले होते. तेव्हा त्या नद्यांचे काही पाणी खऱ्या कापसासाठी गेले आणि काही वाळूत मुरले. समुद्राच्या वाट्याला दोन्हीकडून काही आले नाही.

मोयनाकची हकीकत जरा सावकाश सांगायला हवी. हे कराकल्पकांचे गाव. कराकल्पक हे तुर्की वंशाचे लोक आणि उझबेकिस्तानात त्यांचा स्वायत्त प्रांत आहे. मोयनाकला मासे डबाबंद करण्याचा मोठा कारखाना होता. पाणी मागे हटू लागले तेव्हा कोळ्यांनी बंदरापासून समुद्रापर्यंत चर खणला. समुद्र आणखी हटला, चर आणखी लांबवला. शेवटी एक हंगाम असा आला, की बोटी होत्या तिथेच वाळूत रुतल्या. पाणी खारे होत गेले तसे स्थानिक मासे अंडी घालीनासे झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारीचा धंदा संपला. पण कारखाना सरकारी, त्यातली माणसे सरकारच्या यादीत. तो बंद पडू नये म्हणून हजारो किलोमीटर दूरच्या महासागरांतले गोठवलेले मासे आगगाडीने मध्य आशियात आणून मोयनाकला डब्यांत भरले जात. समुद्र मेला हे मान्य न करता समुद्राचे काम चालू ठेवण्याचा हा प्रकार अनेक वर्षे चालला. आज पाणी त्या गावापासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. गंजलेल्या बोटी एका ओळीत मांडून ठेवल्या आहेत आणि प्रवासी तिथे छायाचित्रे काढायला येतात. २०१८ साली त्या बोटींजवळ इलेक्ट्रॉनिक संगीताचा उत्सवही भरला. गावाला त्यातून चार पैसे मिळाले असतील तर आपण नावे ठेवू नयेत.

तळावर मिठाचा पापुद्रा धरला नाही. १९७५ साली अंतराळातून घेतलेल्या चित्रांत अरलच्या पूर्व किनाऱ्यावरून उठणारे धुळीचे लोट प्रथम दिसले. ती धूळ म्हणजे मीठ आणि नद्यांबरोबर शेतांतून आलेली कीटकनाशके. ती परत शेतांवर आणि माणसांच्या छातीत गेली. कराकल्पकांत क्षय, श्वासाचे विकार आणि बायकांत रक्तक्षय वाढला. समुद्र होता तोवर तो उन्हाळा सौम्य करी आणि सैबेरियाचा गारठा अडवी. तो गेल्यावर उन्हाळे तापले, हिवाळे कडक झाले आणि थंडीचे कडाके लवकर येऊ लागले. त्यामुळे नदीमुखाकडच्या भागात कापसालाच पुरेसा हंगाम उरेना. जमिनींत क्षार वर आले. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात ज्याला क्षारपड म्हणतात तेच हे. आता पेरणीआधी ते मीठ धुऊन काढायला आणखी पाणी द्यावे लागते.

समुद्राच्या मधोमध एक बेट होते, त्याचे रशियन नाव 'पुनर्जन्म' अशा अर्थाचे. तिथे सोव्हिएत लष्कर रोगजंतूंची शस्त्रे तपासत असे, कारण चारी बाजूंनी पाणी म्हणजे सुरक्षित. १९७१ साली अराल्स्कमध्ये देवीची साथ उठली, दहा जणांना लागण झाली, तिघे दगावले. ती या चाचण्यांतूनच आली असावी असा तज्ज्ञांचा कयास आहे. १९८८ साली अँथ्रॅक्सचा साठा या बेटावर पुरला गेला. २००१च्या सुमारास पाणी इतके ओसरले, की बेट जमिनीला जोडले गेले, आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकन मदतीने तो साठा घाईघाईने निकामी करावा लागला.

मॉस्कोला या सगळ्यावर एकच उपाय दिसत होता, तो म्हणजे आणखी एक कालवा. सैबेरियातल्या ओब आणि इर्तिश नद्यांचे पाणी सुमारे अडीच हजार किलोमीटर दक्षिणेला वळवून आणायचे. तेही पाणी उत्तर महासागरात 'वाया' जात होतेच. रासपुतिन, झालिगिन अशा रशियन लेखकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ऑगस्ट १९८६ मध्ये ती योजना रद्द झाली. सोव्हिएत राजवटीत लेखकांच्या बोलण्याने एवढे मोठे सरकारी काम थांबल्याचे उदाहरण दुर्मीळ. साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर याचा मुद्दाम उल्लेख करतो. मध्य आशियातल्या लोकांना मात्र तो निर्णय आपल्याला वाऱ्यावर सोडण्याचा वाटला, आणि त्यांच्या बाजूने पाहता तेही खोटे नव्हते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अरल पूर्वीही आटला होता. १२२१ साली मंगोलांनी उर्गेंच घेताना बंधारे फोडले, आमू दर्याचे बरेच पाणी पश्चिमेला सारिकामिश खोलगटाकडे आणि पुढे कॅस्पियनकडे वळले. अरल इतका उतरला, की त्याच्या तळावर माणसे राहू लागली. आताच्या कोरड्या तळावर चौदाव्या शतकातल्या एका मकबऱ्याचे अवशेष सापडले आहेत; त्याला केर्देरी म्हणतात. पुढे सोळाव्या शतकात नदी परत वळली आणि समुद्र पुन्हा भरला. मग या वेळीच 'परत फिरता येत नाही' असे का म्हणायचे?

माझ्या मते उत्तर पाण्यात नाही, पाण्यावर बसलेल्या माणसांत आहे. तेराव्या शतकात नदीची वाट बदलली होती. तिचे पाणी कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले नव्हते. आज ते चढले आहे. १९६० साली या खोऱ्यांत दीड कोटीच्या आसपास लोक होते, आज पाच कोटींहून अधिक आहेत. कालव्यांवर शहरे उभी आहेत. अश्काबाद ही तुर्कमेनिस्तानची राजधानी काराकुम कालव्याचे पाणी पिते. मोठा अरल पूर्वीसारखा भरायचा तर खोऱ्यातले सिंचन जवळजवळ बंद करून कित्येक दशके थांबावे लागेल. हे कोण कोणाला सांगणार? १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. पाच नवी राष्ट्रे झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये त्यांनी अल्माटीला बसून करार केला, की पाण्याचे वाटप पूर्वी मॉस्कोने ठरवले होते तसेच पुढे चालू ठेवावे. ज्या वाटपाने समुद्र संपला ते बदलायला कोणीच तयार नव्हते, कारण प्रत्येकाच्या शेतकऱ्याचे पोट त्यावर होते. मला हा करार अरलच्या इतिहासातला सर्वांत निर्णायक कागद वाटतो. त्याच्यामागे जुलूम नाही, भ्रष्टाचार नाही. शेजाऱ्यांशी भांडण नको एवढीच समजूतदार इच्छा आहे.

उत्तरेला थोडे वेगळे घडले. १९८७च्या सुमारास अरलचे दोन तुकडे पडले. उत्तरेचा लहान, सीर दर्यावर भरणारा, पूर्ण कझाकस्तानात. अराल्स्कच्या लोकांनी १९९२ साली वाळूचा बांध घालून ते पाणी दक्षिणेला सांडू न देण्याचा प्रयत्न केला. तो वारंवार फुटला, १९९९च्या वादळात वाहून गेला. मग जागतिक बँकेच्या मदतीने कोक-अराल येथे सुमारे तेरा किलोमीटरचा पक्का बांध झाला, २००५ साली. पाणी भरायला काही वर्षे लागतील असा अंदाज होता. ते काही महिन्यांतच ४२ मीटरच्या ठरलेल्या पातळीला आले. क्षार उतरले, मासे परतले, कोळी परतले. मासळी वर्षाला काही हजार टनांवर गेली. हे यश खरे आहे आणि ते कमी लेखू नये. पण त्या बांधाने दक्षिणेचा उरलासुरला ओघही अडवला, हेही खरे. जुन्या समुद्राचा विसावा हिस्सा वाचवता आला, तो बाकीच्यावर पाणी सोडून. २०१४च्या उन्हाळ्यात दक्षिण अरलचा पूर्वेकडचा भाग, जो एके काळी सर्वांत रुंद होता, पूर्ण कोरडा पडला.

कोरड्या तळाचे आता नाव पडले आहे, अरलकुम, म्हणजे अरलची वाळू. धूळ बसावी म्हणून उझबेकिस्तान तिथे साक्सौल नावाचे काटक झुडूप मोठ्या प्रमाणावर लावत आहे. त्याच तळाखाली नैसर्गिक वायूचे साठेही निघाले आहेत. सुर्गिलच्या वायूवर उभारलेला मोठा रासायनिक कारखाना २०१६ साली सुरू झाला. ज्या जमिनीवर समुद्र होता ती आता कोरडी राहण्यातच कोणाचे तरी भांडवल अडकले आहे. मुलांना कापूस वेचायला नेण्याची सरकारी पद्धत मात्र संपली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ साली तसे जाहीर केले. त्या मुलांच्या बाबतीत तरी परत फिरता आले.

आणि आमू दर्याच्या दक्षिण तीरावर अफगाणिस्तान आहे. या नदीच्या पाण्यात त्याचाही वाटा, पण मॉस्कोच्या वाटपात त्याला कोणी विचारले नाही आणि १९९२च्या करारातही नाही. २०२२ साली काबूलच्या नव्या राजवटीने कोश तेपा कालव्याचे काम जोरात सुरू केले. तो बल्ख प्रांतात नदीतून निघतो, लांबी २८५ किलोमीटर, रुंदी सुमारे १०० मीटर, आणि काराकुमसारखाच त्यालाही अस्तर नाही. शेकडो यंत्रे रात्रंदिवस वाळू उपसत आहेत. चाळीस वर्षांच्या युद्धात होरपळलेल्या शेतकऱ्यांना त्यातून गहू पिकवायचा आहे. ताश्कंद आणि अश्काबादचे वकील काबूलला जाऊन सांगतात, की एवढे पाणी घेतले तर खालच्यांचे काय होईल याचा विचार करा. काबूल त्यांना विचारते, की तुम्ही घेतले तेव्हा कोणाला विचारले होते. त्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला मोयनाक आहे, आणि या बोलण्यांत त्याच्या वतीने कोणी बसत नाही.